कागदावरचे किलोमीटर आणि बार्शीचे किलोमीटर

विजेची गाडी दारात आली की गल्लीत पहिला प्रश्न एकच असतो. किंमत, सीट, डिकी हे सगळं नंतर. आधी, “एका चार्जिंगमध्ये किती जाते?” मशिदीबाहेर चपला शोधता शोधता कुणी विचारतं, वलिम्याच्या जेवणात शेजारी बसलेला पाहुणा विचारतो, दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशीही विचारतात. गेली दोन वर्षं आम्ही या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देत नाही. उलट विचारतो, “कुठे जायचंय, कोणत्या महिन्यात आणि किती घाईने?” लोकांना वाटतं आम्ही टाळतोय.

खरं तर याहून सरळ उत्तर आमच्याकडे नाही. आमच्या गाडीच्या माहितीपत्रकावर 300च्या वरचा आकडा छापलेला आहे. (गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतरांच्या गाड्यांचंही असंच आहे.) बार्शीच्या रस्त्यांवर तो आकडा आम्हाला एकदाही दिसलेला नाही. यात फसवणूक किती आणि गैरसमज किती, हे समजून घ्यायला आम्हाला बराच वेळ लागला. जे कळलं ते लिहितो, कारण आता आमच्यासारखी घरंही हप्त्यावर अशा गाड्या घेऊ लागली आहेत.

आधी युनिटचं बोलू. बॅटरीचा आकार किलोवॉट-तासात सांगतात आणि ऐकणारा तिथेच गोंधळतो. पण एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या लाईट बिलावरचं एक युनिट. 2 किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळतं, तेच हे. आमच्या गाडीची बॅटरी सुमारे 30 युनिटांची आहे आणि त्यातली 28च्या आसपास वापरायला मिळतात. त्यामुळे ‘किती जाते’पेक्षा ‘एका युनिटात किती जाते’ हा प्रश्न खरा. जुनी माणसं मोटारसायकलचं ॲव्हरेज काढायची तसंच.

आता छापलेला आकडा कुठून येतो ते पाहा. आपल्याकडे गाड्यांची तपासणी ज्या संस्थांत होते त्यात पुण्याची एआरएआय सगळ्यांना माहीत आहे. गाडी रस्त्यावर नेत नाहीत. फिरत्या रोलरवर उभी करून एक ठरलेला वेळापत्रकी प्रवास करवतात. त्याचे दोन भाग आहेत. पहिला शहरी भाग, त्यात वेग 50च्या वर जात नाही आणि सरासरी पडते ताशी 19 किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या भागात गाडी 90पर्यंत जाते. एसी बंद, खोलीचं तापमान सुखाचं. विजेच्या गाड्यांचे मोठमोठे आकडे बरीच वर्षं फक्त पहिल्या भागावर बेतलेले होते. ताशी 19ने बार्शीहून पुण्याला निघालो तर पोचायला 11 तास लागतील. रेंज मात्र झकास मिळेल!

2024मध्ये दोन्ही भाग मिळून रेंज सांगायला सुरुवात झाली, आणि नेक्सॉनच्या 40.5 युनिटांच्या गाडीचा आकडा 465वरून 390 झाला. गाडी तीच, बॅटरीही तीच. त्याच गाडीसाठी टाटांनी स्वतःच आणखी एक अंदाज दिला होता, की बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात 290 ते 310 किलोमीटर मिळतात. एकाच गाडीचे तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे. कंपनीने तिसरा आकडा उघडपणे सांगितला हे आम्हाला आवडलं. फक्त तो सगळ्यात मोठ्या अक्षरात असायला हवा होता.

हे प्रकरण एकदा सरकारदरबारीही गेलं होतं. 2020 साली आलेल्या पहिल्या नेक्सॉनवर 312 किलोमीटर लिहिलेलं होतं. दिल्लीतल्या एका ग्राहकाने तक्रार केली की आपल्याला 200सुद्धा मिळत नाहीत. मार्च 2021मध्ये दिल्ली सरकारने त्या गाडीचं अनुदान थांबवलं आणि पुढे उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. कंपनीचं म्हणणं असं की आकडा अधिकृत चाचणीचा आहे. ग्राहकाचं म्हणणं असं की मी चाचणीच्या खोलीत राहत नाही. आम्हाला दोघांचंही पटतं.

मोजण्याच्या पद्धतीने केवढा फरक पडतो याचं ह्युंदाई कोना हे चांगलं उदाहरण आहे. 2019 साली ती 39.2 युनिटांच्या बॅटरीसह भारतात आली तेव्हा तिच्यावर 452 किलोमीटर लिहिलं होतं. युरोपात तेवढ्याच बॅटरीच्या कोनावर त्यांच्या पद्धतीने 300च्या आसपासचा आकडा लिहीत होते. अमेरिकेत तर प्रयोगशाळेत आलेल्या रेंजमधून साधारण 30 टक्के कापून मगच लेबलवर छापण्याची रीत आहे. तिकडच्या सरकारला आधीच ठाऊक आहे की माणसं एसी लावणार आणि गाडी पळवणार.

आमच्या घरात आडतीचा धंदा होता. अब्बा सांगायचे की किलो येण्याआधी गावोगावी शेराचं माप वेगळं असायचं, आणि शहाणा व्यापारी भाव विचारण्याआधी माप विचारायचा. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात किती कडक इशारा आहे ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. एका सूरहची सुरुवातच तिथून होते. पण रेंजच्या बाबतीत माप मारलेलं नाही, माप वेगळं आहे. दोष असलाच तर इतकाच की दुकानदार कोणत्या मापाने बोलतोय ते गिऱ्हाईकाला सांगत नाही.

म्हणून आम्ही आपलं माप तयार केलं. गाडीच्या कप्प्यात शंभर पानी वही असते. निघताना किती टक्के, पोचल्यावर किती, रस्ता कोणता, माणसं किती, एसी होता की नाही, एवढंच लिहायचं. अक्षर घरातल्या सगळ्यांचं आहे, अम्मीचं उर्दूतलं सुद्धा.

वही असं सांगते. डिसेंबर-जानेवारीत बार्शी गावातल्या गावात एका युनिटात 8 किलोमीटर, म्हणजे पूर्ण बॅटरीत सव्वादोनशेच्या आसपास. वैरागमार्गे सोलापूर, वेग 60-70, एका युनिटात 7. टेंभुर्णीच्या पुढे पुणे हायवेवर 80ने साडेसहा. त्याच रस्त्यावर 100ने गेलो तर जेमतेम 5. या शेवटच्या दोन ओळींतला फरक पाहून पुतण्याला वाटलं आम्ही चुकीचं लिहिलंय. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 80चे 100 केले की वेग वाढतो चौथ्या हिश्शाने आणि हवेचा विरोध वाढतो दीडपटीहून जास्त. घाईची किंमत बॅटरी रोखीने घेते.

घाटाची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. येडशीच्या चढाला काटा भराभर उतरतो, पाहुणे घाबरतात. परतीच्या उतारावर मोटर स्वतःच वीज बनवते आणि त्यातला बराच भाग परत येतो. वाऱ्याकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. जून-जुलैत आपल्या माळावर पश्चिमेचा वारा सुटतो आणि पुण्याला जाताना तो समोरून येतो. 80ने जाणाऱ्या गाडीला समोर 20चा वारा असला की हवेच्या दृष्टीने ती 100नेच चाललेली असते. येताना तोच वारा पाठीशी असतो. वहीत जुलैच्या पानांवर जाण्याचा आणि येण्याचा हिशेब दोन वेगळ्या गाड्यांचा वाटावा इतका निराळा आहे.

आणि मे महिना. पारा 42वर असतो, गाडी अंगणात तापलेली असते, एसीला तासाला एक-दीड युनिट लागतं आणि बॅटरीलाही थंड ठेवावं लागतं. गंमत अशी की हळू चालवलं तर एसीचे तास वाढतात, म्हणजे गर्दीत अडकलेल्या गाडीला ऊन जास्त महाग पडतं. दर तीन महिन्यांनी अम्मीला हृदयाच्या तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. साधारण 210 किलोमीटर, वेळ सकाळी 11ची. टक्के उतरताना दिसले की चालवणाऱ्याचा हात आपसूक एसीच्या बटणाकडे जातो. आमच्या घरात यावर एक नियम आहे, अम्मी गाडीत असताना त्या बटणाला हात लावायचा नाही. एका छापलेल्या आकड्याला खरं ठरवण्यासाठी 74 वर्षांच्या बाईने पदराने वारा घेत बसायचं, हे आम्हाला मंजूर नाही. त्यापेक्षा फजरनंतर लगेच निघतो आणि इंदापूर-भिगवणच्या पट्ट्यात थांबतो. अम्मी चहा पिते, डबा उघडते, उजनीच्या पाण्याकडून आलेल्या पक्ष्यांबद्दल काहीबाही विचारते. पाऊण तास जातो.

याच थांब्याने आमच्या पुतण्याचा हिशेब बदलला. तो सध्या दुसऱ्याची डिझेल गाडी चालवतो. स्वतःची विजेची घ्यायची, बार्शीहून पुण्याला पेशंट न्यायचे-आणायचे, पाच वर्षांचा हप्ता, असा त्याचा बेत. आकडेमोड त्याने माहितीपत्रकावरून केली होती. 300च्या वर जाते, म्हणजे जाताना थांबा नाही, पुण्यात थोडी चार्ज केली की परत. आम्ही त्याला वही दिली. घरून निघताना बॅटरी 100 टक्के असते, पण शून्यापर्यंत कुणी जात नाही. 20 टक्क्यांवर थांबायचं. हायवेवरचं जलद चार्जिंग 80च्या पुढे मंदावतं, म्हणून 80लाच सुटायचं. म्हणजे पहिल्या टप्प्याला 22 युनिटं आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला 17. साडेसहाने गुणलं तर पहिला टप्पा सुमारे 145 किलोमीटर, दुसरा 110. पुण्याची एक फेरी दिवसात होते, दोन होत नाहीत. बाहेरची वीज घरच्यापेक्षा बरीच महाग, ते वेगळं. चार्जर बंद असला किंवा पुढे तीन गाड्या उभ्या असल्या तर मागे बसलेल्या पेशंटला काय सांगायचं, याला वहीत उत्तर नाही.

सोलापूरचं गणित मात्र त्याच्या बाजूने निघालं. जाऊन-येऊन 140 किलोमीटर, वैरागच्या रस्त्याने 20 युनिटं. बाहेर एक रुपयाचीही वीज न घेता रात्री गाडी घरी लागते आणि सकाळी भरलेली मिळते. अर्थात त्यासाठी घरचं अर्थिंग चांगलं हवं, जुन्या वाड्यांत आधी तेच तपासावं लागतं. धाराशिवचंही तसंच. बॅटरी पाचव्या वर्षी पहिल्यासारखी राहणार नाही, तरीही हा पल्ला तिच्या आवाक्यात राहील.

पुतण्याने वहीच्या पानांचे फोटो काढले, बँकेत दाखवतो म्हणाला. तिथे त्याला विचारलं, हे कुणाचं सर्टिफिकेट? तो हसत परत आला. आता त्याला आमची गाडी चार दिवसांसाठी हवी आहे. एक दिवस पंढरपूर, दोन दिवस सोलापूर, एक दिवस पुणे, चार माणसं आणि डिकीत सामान भरून. पानं त्याच्या हातची असावीत असं त्याचं म्हणणं. आम्ही हो म्हटलंय, फक्त जूनपर्यंत थांब म्हणालो. वारा सुटू दे.