परवलीचा शब्द

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या हातून एका मित्रावर अन्याय घडला. त्याबद्दल मीं त्याची क्षमा केव्हांच मागितली आहे. परंतु ज्या प्रसंगावरून तो घडला, तो संगणकाच्या अभ्यासूंस उपयोगी पडेल व इतरांसही विचार करावयास लावील, असें वाटून येथें लिहीत आहें.

ग्रंथालयांतील पुस्तकांची यादी संगणकावर उतरविण्याचें काम आम्हां दोघांकडे होतें. त्यासाठीं शाळेच्या एका मोठ्या संगणकांत आम्हांस लिनक्स प्रणालीचें एक आभासी यंत्र करून दिलें होतें. ज्या पालकांस हा प्रकार अपरिचित असेल, त्यांनीं असें समजावें कीं, एका वाड्यांत एक पाहुणा स्वतंत्र खोली घेऊन राहिला आहे. वाडा यजमानाचा, पण खोलींतील संसार पाहुण्याचा. यजमान-संगणकाची थोडी स्मृति व डिस्कवरील थोडी जागा घेऊन हा पाहुणा-संगणक चालतो. आमच्या पाहुण्यास ना पडदा होता, ना कळफलक. आम्ही नेटवर्कच्या वाटेनें त्याच्याकडे जात असूं व ‘रूट’ या सर्वाधिकारी नांवानें, परवलीचा शब्द देऊन, आंत शिरत असूं.

एका शनिवारीं मीं त्या पाहुण्याचा नेटवर्कवरील पत्ता बदलून ठेविला. सोमवारीं माझ्या मित्रानें तेथें बसून काम केलें. मंगळवारीं वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झालें, आणि पाहतों तों वाट बंद! दोन महिने खपून केलेलें काम आंत अडकलेलें, आणि दुसरी प्रत कोठेंच नाहीं. शेवटचा हात मित्राचा लागला होता, एवढें मात्र माझ्या मनानें लगेच टिपून ठेविलें.

नेटवर्क बंद पडलें तरी आणखी एक वाट असते. तिला सीरियल कन्सोल म्हणतात. एकामागून एक बिट एकाच तारेवरून पाठविण्याची ही जुनी पद्धति. आभासी यंत्रांत खरी तार नसते, पण तिचें सोंग हुबेहूब वठविलेलें असतें. यजमानावर ‘व्हर्श कन्सोल’ ही आज्ञा दिली. जोडणी झाल्याचें उत्तर आलें. आणि मग काळा, मुका पडदा. एंटरची कळ दहादां दाबली, तरी एक अक्षर उमटेना.

संध्याकाळीं ही हकीकत घरीं सांगितली. आमचे आजोबा तारखात्यांत होते. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. आजोबांच्या बोटांतील खटखट मात्र अजून गेलेली नाहीं. ते म्हणाले, “अरे, तार जोडलेली असली म्हणून काय झालें? पलीकडच्या टोकाला कोणी बसविला आहे का, तें आधीं पाहा.”

आजोबांस लिनक्स ठाऊक नाहीं, पण त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ज्या युनिक्स प्रणालीच्या धर्तीवर लिनक्सची रचना झाली, ती १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मास आली, तेव्हां माणसें तिच्याशीं टेलिटाइप यंत्रांवरून बोलत. १९६३ सालीं निघालेलें ‘मॉडेल ३३’ हें यंत्र सेकंदास १० अक्षरें छापी. त्या यंत्रांच्या नांवावरूनच आजही अशा प्रत्येक वाटेस ‘टीटीवाय’ म्हणतात. पहिल्या सीरियल वाटेचें नांव ‘टीटीवाय-एस-शून्य’. तिच्या टोकाशीं बसून ‘कोण आहे?’ असें विचारणारा जो लहानसा प्रोग्रॅम, तो ‘गेटी’. आमच्या यंत्रांत त्या तारेवर गेटी कोणी नेमलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सरांनीं पाहुणा-यंत्र पूर्ण बंद करून त्याची डिस्क यजमानास जोडली. पाहुणा चालू असतांना असें कधींही करूं नये. दोघे एकाच वेळीं एकाच वहींत लिहूं लागले तर वहीची दुर्दशा होते. प्रथम त्यांनीं आमच्या यादीची नक्कल काढली, तेव्हां माझा जीव भांड्यांत पडला. मग दोन नोंदी केल्या: कर्नेलला ‘तुझा कन्सोल टीटीवाय-एस-शून्य, वेग ११५२००’ असें सांगितलें, आणि ‘इनिटटॅब’ या फाइलींत गेटीची नेमणूक केली. आमची प्रणाली जुनी होती. ‘सिस्टिमडी’ असलेल्या नव्या प्रणालींत कर्नेलला कन्सोल सांगितला कीं गेटी आपोआप नेमला जातो.

यंत्र सुरू झालें आणि पडदा बोलूं लागला. त्यानें नांव विचारलें. मीं ‘रूट’ लिहिलें व परवलीचा शब्द दिला. उत्तर आलें, ‘लॉगिन इन्करेक्ट’. पुन्हा दिला, पुन्हा तेंच. शनिवारपर्यंत चालणारा शब्द आज चुकीचा कसा? मी मित्राकडे वळून, सरांच्या देखत, म्हणालों, “सोमवारीं तूंच शब्द बदललास. नेटवर्कची मोडतोडही तुझीच.” तो म्हणाला, “मीं कांहीं केलें नाहीं.” मीं पुन्हा तोच आरोप केला. तेव्हां तो आपली वही उचलून निघून गेला.

सर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं यंत्र बंद केलें, डिस्क पुन्हा जोडली, व यंत्राच्या नोंदवहींतील एक ओळ मला वाचावयास लाविली. ‘टीटीवाय-एस-शून्य’ ही वाट सुरक्षित नाहीं म्हणून प्रवेश नाकारला, असें तींत स्पष्ट लिहिलें होतें. जुन्या प्रणालींत ‘सिक्युरटीटीवाय’ नांवाची एक यादी असते. ‘रूट’नें कोणकोणत्या वाटांनीं यावें तें तींत लिहिलेलें असतें. तारेचें दुसरें टोक भलत्याच्याच खोलींत असूं शकेल, म्हणून ही खबरदारी. नेटवर्कवरील पहारेकरी ती यादी पाहत नाहीं. म्हणून तेथें तोच शब्द चालत होता. परक्यास कारण कळूं नये यासाठीं यंत्र दारावर ‘चूक’ एवढेंच म्हणतें, आणि खरें कारण आंतल्या वहींत लिहून ठेवतें.

नंतर सरांनीं नेटवर्कच्या फाइलीची तारीख दाखविली. ती शनिवारची होती. पत्त्यांतील एक आंकडा माझ्याच हातून चुकला होता. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ती चूक कोणास जाणवली नव्हती, इतकेंच.

यादींत एक ओळ वाढविली, पत्ता सुधारला, आणि सर्व सुरळीत झालें. सरांनीं आम्हां प्रत्येकास वेगळें साधें खातें काढून दिलें व ‘रूट’चा उपयोग गरजेपुरताच करण्यास सांगितलें. बऱ्याच नव्या प्रणालींनीं ती यादी आतां वगळली आहे. तरी तपासण्याचा क्रम तोच राहतो. तार जोडली आहे काय? कर्नेलला ती ठाऊक आहे काय? टोकाशीं गेटी बसला आहे काय? त्या दारानें येण्याची आपणांस मुभा आहे काय? इतकें एकेक करून पाहिल्यावरच शब्दाविषयीं शंका घ्यावी. आणि माणसाविषयीं त्याहूनही शेवटीं.

त्याच संध्याकाळीं मी मित्राच्या घरीं गेलों. घडलें तें सारें सांगितलें व त्याची क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मीं कांहीं केलें नाहीं, असें मीं तुला सांगितलें होतें.” त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याचा शब्द खराच होता. मींच तो आंत घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं तो आला, आणि उरलेलीं पुस्तकें आम्ही एकत्र बसून नोंदविलीं. यादीची एक प्रत आतां निराळ्या ठिकाणीं ठेवलेली असते.