गवसणी

मराठी भाषेला वस्तू झाकून ठेवण्याची मोठी हौस असावी. उशीला अभ्रा, गादीला खोळ, तलवारीला म्यान, पोथीला बासन, बैलाला झूल! एकाचे आवरण दुसऱ्याला चालत नाही. उशीला म्यान घातले असे कोणी म्हणाला तर घरची माणसे त्याच्याकडे काळजीने पाहतील. परंतु खिशात मावणारी, कानांत बोंडे घालून ऐकावयाची गाण्याची डबी बाजारात आली, आणि तिच्या आवरणाचे बारसे करावयाची वेळ आली, तेव्हा या श्रीमंत भाषेने हात आखडता घेतला. आपण सर्वांनी मुकाट्याने 'कव्हर' म्हणावयास सुरुवात केली. आमच्या घरात मात्र आम्ही त्यास गवसणी म्हणतो. तंबोऱ्याला असते ती गवसणी. तंबोऱ्यातून गाणे निघते, डबीतूनही निघते. डबीचा देह लहान म्हणून तिच्या वस्त्राची प्रतिष्ठा कमी का करावी?

ज्यांचा जन्म एकाच गावात, एकाच वाड्यात गेला त्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु दर तीन वर्षांनी बदलीचा कागद हाती पडणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचे महत्त्व पटवून देणे न लगे. हुकूम आला की नव्या गावचे हवापाणी कसे आहे हा विचार मागाहून येतो. काचेचे सामान कशात गुंडाळावे हा आधी येतो. अर्धे आयुष्य बांधाबांधीत गेलेल्या माणसाला आवरणांविषयी काही मते असणे स्वाभाविक आहे.

आम्ही ही डबी अजून वापरतो हे पाहून आमचे तरुण सहकारी मनातल्या मनात हसतात. त्यांचे चुकत नाही. २००१ च्या ऑक्टोबरात ज्या आयपॉडने एक हजार गाणी खिशात आणली, त्याच्या वंशातला शेवटचा आयपॉडही २०२२ च्या मे महिन्यात बंद झाला. मोबाईलमध्ये सारे संगीत आले असता वेगळी डबी कशाला, असा त्यांचा रोकडा प्रश्न. त्याचे उत्तर आमच्या आत्यांच्या आवाजात आहे. आत्यांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही १९८८ साली वाईजवळच्या घरी कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ओव्यांमागे जात्याची घरघर आहे, मध्येच एक कोंबडा आहे, आणि 'आता पुरे रे' असे आत्यांचे वाक्य आहे. आत्या गेल्या. त्या ओव्या पुढे डबीत आल्या. त्यांच्या प्रती संगणकात आहेत, मोबाईलमध्ये आहेत, पुण्याला धाकट्या भावाकडेही आहेत. ओव्या नाहीशा होण्याचे भय आता नाही. परंतु मोबाईलमध्ये आत्या तिसऱ्या ओवीवर आल्या की जिल्ह्याच्या ठिकाणाहून कोणीतरी दोन दिवसांत पाठवावयाची माहिती दोन तासांत मागतो. डबीला हा गुण नाही. तिच्यात कोणाचा निरोप येऊ शकत नाही. सरकारी माणसाच्या घरात जिच्यावर हुकूम पोचत नाही अशी ती एकच वस्तू आहे, आणि ती मोडली तर तशी दुसरी कोणी तयार करीत नाही. तेव्हा तिला जपावयाचे तर कशात, हा प्रश्न आम्हांस गंभीरपणे घेणे भाग पडले.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि त्यानंतर ट्रान्झिस्टर हळूहळू घरोघर आले, त्यांना तपकिरी कातड्याचे जाकीट असे; ध्वनिक्षेपकापुढे बारीक भोकांची जाळी, वर खांद्याला अडकविण्याचा पट्टा. ते जाकीट कोणी काढीत नसे. ट्रान्झिस्टर म्हातारा होऊन वारला तरी जाकीट अंगावरच. याच १९५७ सालची एक हकीकत सोनी कंपनीचे संस्थापक अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात दिली आहे. कंपनीचा 'खिशात मावणारा' रेडिओ सदऱ्याच्या नेहमीच्या खिशात मावेना, तेव्हा त्यांनी विक्रेत्यांचे खिसेच थोडे मोठे शिवून घेतले! आमच्या खात्यातही अडचणी अशाच दूर होतात, त्यामुळे ही गोष्ट आम्हांस फार जवळची वाटली.

पुढे १९७९ च्या जुलैत वॉकमन आला आणि आवरणास कमरेचा पट्टा मिळाला. खरा पेच मात्र आयपॉडपासून पडला. त्याची पाठ झिलई दिलेल्या पोलादाची होती. जपानातील निइगाता प्रांतात त्सुबामे नावाचे गाव धातूकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांनी ती आरशासारखी घासून दिली होती. एवढे चकचकीत अंग खिशातल्या किल्ल्यांना कसे सोसावे? पहिल्याच आठवड्यात त्यावर रेघा उमटत. मग लोकांनी तो आरसा जपण्यासाठी त्यावर कव्हर चढविले, आणि ज्या झिलईसाठी कारागिरांनी बोटे झिजविली ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाही. २००५ साली नॅनो नावाचा चिमुकला आयपॉड आला. त्याच्या पडद्यावर इतके ओरखडे पडू लागले की प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेले आणि २००९ साली सुमारे सव्वादोन कोटी डॉलरवर तडजोड झाली. ओरखड्याची एवढी किंमत आमच्या ऐकिवात दुसरी नाही.

आता आमच्या अनुभवातील गवसण्यांकडे वळू. जोधपूरला असताना आमच्या डबीला सिलिकोनचे आवरण होते. रबरासारखे मऊ, मोज्यासारखे ताणून चढवावयाचे. पडझडीला याच्यासारखे दुसरे नाही. जुन्या डब्यांत गाणी एका इवल्याशा फिरत्या तबकडीवर असतात, आमचीही त्यांतलीच. तबकडी फिरत असता धक्का बसणे वाईट, आणि सिलिकोन तो धक्का पिऊन टाकते. परंतु त्याच्या अंगी एक चिकट मायाळूपणा आहे. जे जे जवळ येईल त्यास ते सोडीत नाही. खिशातला सुताचा तंतू, डोक्यावरचा केस, आणि जोधपूरची धूळ! मे-जूनमध्ये तेथे आंधी उठली की दारेखिडक्या लावून बसले तरी ताटातल्या भातावर रेती येते. आमचे पांढरेशुभ्र आवरण तीन दिवसांत तेथल्या दगडी वाड्यांच्या रंगाचे झाले. साबणाने धुतले की पुन्हा शुभ्र, आणि वाळले की पुन्हा मायाळू.

म्हणून आम्ही कडक प्लॅस्टिकची, दोन शकले टकदिशी मिटणारी पारदर्शक पेटी आणली. दिसावयास ती फार नीटस. हिच्यावर धूळ बसत नाही, फडक्याने पुसली की झाले. परंतु रेतीचा कण कणखर असतो. गारेच्या जातीचा तो कण पोलादालाही ओरखडतो, प्लॅस्टिकची कथा काय! पेटी कितीही घट्ट मिटली तरी सांध्यातून चार कण आत शिरतातच, आणि डबी व पेटी यांच्यामध्ये अडकून चालता-बोलता घासकागदाचे काम करितात. दीड वर्षाने उघडून पाहिले तो पेटी बाहेरून निष्कलंक, आणि आत डबीच्या पाठीवर रेघांचे जाळे. इतके चोख काम आम्ही पूर्वी केवळ वार्षिक तपासणीच्या अहवालांतच पाहिले होते.

जोधपूरहून आमची बदली शिलाँगला झाली. कोरड्यातून थेट ओल्यात. चेरापुंजी तेथून साधारण पंचावन्न किलोमीटर. तेथे वर्षाला अकरा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच्या मानाने शिलाँगचा पाऊस सौम्य म्हणावयाचा, परंतु तो जाण्याची घाई करीत नाही. रेतीचे भय संपले म्हणून आम्ही मोठ्या हौसेने खऱ्या कातड्याचे आवरण घेतले. कातड्याची गोष्टच वेगळी. हाताळता हाताळता त्यास कांती येते, वास येतो, ते आपल्या मालकाचे होते. प्लॅस्टिक कधीच कोणाचे होत नाही. जुलै उजाडला आणि एके दिवशी बूट, कमरपट्टा व डबीचे आवरण या तिघांवर एकाच वेळी पांढरट हिरवी लव उगवली. बुरशीला कातडे हे अन्नच वाटते. हवेत ओल पुरेशी असली की तिला निमंत्रण लागत नाही. पुसावे, शेगडीजवळ वाळवावे, चार दिवसांनी पुन्हा पाहावे तो पीक तयार. शेजारच्या बंगल्यातील गृहस्थांनी नकली कातड्याचे आवरण घेऊन आमच्यावर मात केली, असे त्यांस काही महिने वाटले. परंतु त्या कृत्रिम कातड्यावरचा पॉलियुरेथेनचा थर ओलीने आतून तुटत जातो. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या आवरणाला कात टाकावयाची इच्छा झाली, आणि काळे पापुद्रे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडू लागले.

याच शिलाँगच्या आसपास आम्ही एक आवरण पाहिले, ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. खासी लोक शेतात काम करताना बांबूच्या कामट्या व पाने यांचे 'क्नुप' नावाचे एक टोपरे डोक्यावरून पाठीवर घेतात. आपल्या कोकणातले इरलेच म्हणा ना! ओणवे होऊन काम करणारा माणूस कासवासारखा दिसतो. पाठ पूर्ण झाकलेली, पुढची बाजू मोकळी, दोन्ही हात मोकळे. छत्री माणसाला कोरडे ठेवते पण त्याचा एक हात काढून घेते. बाजारात मिळणारी निम्मी कव्हरे या छत्रीच्या जातीची असतात. बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या चाकावर जाड कातडे येते आणि चाक मुके होते. बोंडांच्या तारेसाठी ठेवलेले भोक अर्ध्या रेघेने चुकलेले असते. रात्री आगगाडीच्या फळीवर अंधारात गाणे बदलावयाचे तर आधी दिवा लावावा लागतो.

गंमत अशी की, ज्या आवरणाची सर्वांनी थट्टा केली ते आम्हांस यांतले शहाणे वाटते. २००४ साली ॲपलने आयपॉडसाठी चक्क विणलेले मोजे काढले. सहा रंगांचे सहा, किंमत २९ डॉलर. मोजा घातला असता आयपॉडचे चाक फिरविता येत नसे. गाणे बदलावयाचे तर तो बाहेर काढावा लागे. लोक हसले. परंतु गवसणी घातलेला तंबोरा तरी कोणी वाजवितो काय? वाजवावयाचे तेव्हा उघडावे, झाले की पांघरूण घालावे, एवढेच त्या मोज्याचे म्हणणे होते.

या म्हणण्यातील तथ्य आमच्या ध्यानी आणून दिले ते गुवाहाटीच्या फॅन्सी बाजारातील एका कारागिराने. पावसाळ्यापुरती डबी पुन्हा त्या कडक पेटीत गेली होती, आणि एके दिवशी पेटी मिटेना. तिच्या आतले लिथियमचे विद्युतघट फुगले होते. हे घट वयोमानाने आत वायू धरू लागतात आणि पोटासारखे वाढतात. अशा वेळी त्यांस दाबणे किंवा टोचणे म्हणजे आगीस बोलावणे. घट्ट पेटीत हे पोट लवकर दिसत नाही, आणि दिसते तेव्हा त्याने डबीची पाठ उचललेली असते. कारागिराने सावकाश जुना घट काढला, नवा बसविला, तबकडी फिरते की नाही ते कानाशी धरून ऐकले, आणि डबी परत देताना म्हणाला, "साहब, इसे ज़रा ढीले कपड़े पहनाइए."

आम्ही त्यास विचारले की, यापुढे ती वापरूच नये, कपाटात जपून ठेवावी, हे बरे नव्हे काय? आमच्या पेशाला हा मार्ग सुचणे साहजिकच आहे. बासन हा मूळचा किती सोज्वळ शब्द! पोथी बासनात असते ती चातुर्मासात सोडून वाचण्यासाठी. परंतु आम्हां लोकांच्या हातात तो पडला आणि 'बासनात गुंडाळणे' याचा अर्थ कायमचा निकाल लावणे असा झाला. कारागिराने मान हलविली. पडून राहिलेला घटही म्हातारा होतो, त्याने सांगितले; पुरता रिकामा होऊन महिनोन्महिने पडला तर लवकर मरतो, पुरता भरून उकाड्यात ठेवला तरी झिजतो. अर्धा भरून थंड जागी ठेवावा, आणि तरीही अधूनमधून जागा करावा. म्हणजे कपाटातही त्याची सुटका नाही. मग आत्यांनी कपाटात का बसावे?

डबीला आज जी गवसणी आहे ती सौभाग्यवतींनी शिवलेली आहे. आमच्या एका बदलीच्या वेळी आत्यांनी त्यांची ओटी भरली होती. त्या ओटीतला गुळेदगुडचा खण, हिरवा, लाल काठाचा, ट्रंकेच्या तळाशी चार राज्ये फिरला होता. चोळीपुरता तो अपुरा आणि टाकण्यास जिवावर येणारा. त्याची पिशवी झाली. आतून जुन्या पांघरुणाचे फ्लॅनेल, तळाशी थोडा कापूस, वर नाडी. धूळ बसली तर झटकता येते, ओल धरली तर उन्हात टाकता येते, आणि अंग एवढे सैल आहे की डबीला उद्या पुन्हा पोट सुटले तर हाताला आधी कळेल. उंचावरून दगडावर पडली तर ही पिशवी सिलिकोनाइतके रक्षण करणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रवासात ती लोकरी बंडीच्या आतल्या खिशात असते.

रोज रात्री जेवणे आटोपली, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला, की आम्ही नाडी सोडतो. खणाला ट्रंकेतल्या डांबराच्या गोळीचा वास अजून थोडा आहे. कोपऱ्यात काठ विरला आहे आणि तेथे रफू करावयाचे सौभाग्यवतींच्या मनात आहे. नाडीही बदलावी लागणार, कारण आता ती गाठ धरीत नाही. येथल्या बाजारात रेशमी नाडी मिळत नाही, तेव्हा पुढच्या महिन्यात पुण्याहून कोणी आले तर दोन हात आणावयास सांगितली आहे.