कॅसेटमधली हाक

मुलांनो, हवे ते गाणे हवे तेव्हा मिळत नसे, असा काळ तुम्ही पाहिलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९० ते १९९८ या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर मध्यरात्रीनंतर हिप-हॉपचा कार्यक्रम लागे. हिप-हॉप म्हणजे ठेक्यावर भरभर म्हटलेले, यमक जुळवलेले बोल. जे-झीचा पहिला अल्बम १९९६ साली निघाला. पण या कार्यक्रमात तो १९९५ सालीच येऊन गेला होता. मग झोपणार कोण? मुले जागत आणि टेपरेकॉर्डरची दोन बटणे एकदम दाबत. त्या कॅसेटच्या नकला हातोहात जात. नकलेची नकल खरखरे, तरी चाले.

आमच्या घरीही असेच होते, गाणी तेवढी वेगळी. कॅसेटच्या एका बाजूला तीसच मिनिटे. म्हणून कोणते गाणे घ्यावे यावरून भाईजानशी माझे भांडण होई. टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवला, की सगळ्यांनी गप्प बसायचे. एकदा ऐन कव्वालीत दादीअम्मांनी दूध उतू गेल्याची हाक मारली. आम्ही फार चिडलो! ती कव्वाली आज मोबाइलवर लगेच मिळते. दादीअम्मांची हाक मात्र त्या एकाच कॅसेटमध्ये आहे. परवा तिची फीत अडकली, तेव्हा पेन्सिलीने ती गुंडाळताना माझा हात थरथरत होता.