आमची कात्री आणि चाचांचा तंबोरा

लग्नकार्यांचें चित्रण करणें हा आमचा उदरनिर्वाहाचा धंदा आहे, हें आमच्या जुन्या शाळासोबत्यांस ठाऊक आहेच. वधूवरांस उभें करावें, मान जरा डावीकडे वळवावयास सांगावी, आणि सासरीं निघालेल्या मुलीची आई डोळ्यांस पदर लावते तो क्षण चुकवूं नये, एवढीच आमची विद्या! ह्या विद्येच्या बळावर आम्हीं एकदां एका तरुण मंडळाचें गुरुपद पत्करलें व त्यांत आमची कशी फजिती झाली, ती हकीकत संपादकांच्या आग्रहावरून येथें सांगत आहों.

मंडळ मिरजेंतील मुसलमान तरुणांचें. दहाबारा मुलें, कोणी महाविद्यालयांत जाणारा, कोणी मोटारसायकली दुरुस्त करणारा, कोणी बापाच्या दुकानांत गल्ल्यावर बसणारा. रक्तदानाचीं शिबिरें भरवावीं, गरीब विद्यार्थ्यांस वह्या वाटाव्या, अशीं कामें तीं करीत असत. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां आपल्या मोहल्ल्यांतील कारागिरांचे लहान लहान व्हिडिओ करावे असें त्यांच्या मनानें घेतलें. आणखीहि एक कारण होतें. तें त्यांच्यापैकीं एकानें चहा पितां पितां सहज सांगितलें. "दादा, बाहेरगांवीं कोणाला मिरज म्हटलें कीं तो २००९ ची दंगल काढतो. तेव्हां आम्ही बालवाडींत होतों. आमच्या गांवाचें दुसरें कांहीं दाखवायला नको का?" ह्यावर काय बोलावें हें आम्हांस सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही आपला कॅमेरा घेऊन हजर झालों. मजुरी घेणार नाहीं असेंहि सांगून टाकलें.

दाखविण्याजोगें मिरजेंत उणें काय आहे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तलवारींचे दिवस सरले आणि हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगारांचा हात रिकामा झाला. त्या घराण्यांतील फरीदसाहेब व त्यांचे बंधु ह्यांनीं लाकूड आणि भोपळा हातीं घेतला, तेव्हांपासूनचा हा धंदा. पुढें खांसाहेब अब्दुल करीम खां मिरजेस येऊन राहिले. १९३७ सालीं ते वारले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यांत त्यांची कबर आहे. तेथें त्यांच्या स्मरणार्थ दरसाल गाणें होतें, तें ऐकावयास दूरदूरचे लोक येतात. पण गाणाऱ्याच्या मागें जो तंबोरा वाजत असतो तो कोणीं घडविला, हें विचारणारा श्रोता आम्हांस तरी अद्यापि भेटलेला नाहीं.

मुलांस धीर यावा म्हणून आम्हीं त्यांना मालेगांवची गोष्ट सांगितली. तेथें यंत्रमागाच्या गांवांत नासिर शेख नांवाच्या गृहस्थानें २००० सालीं 'मालेगांव के शोले' हा चित्रपट घरच्या घरीं केला. नट सारे गांवांतले. त्यांच्या पुढील काळांतील एका चित्रपटाची जुळवाजुळव फैझा अहमद खान ह्या बाईंनीं २००८ सालच्या आपल्या माहितीपटांत टिपून ठेविली आहे. चालत्या कॅमेऱ्यासाठीं सायकल आणि उंचावरून चित्रण करण्यासाठीं बैलगाडी! तें पाहून आमचीं मुलें पोट धरधरून हंसलीं, आणि दुसऱ्याच दिवशीं एक जुनी सायकल घेऊन आलीं. सतारमेकर गल्लींतील खड्ड्यांमुळें त्या सायकलीवरून घेतलेलें एकहि चित्र उपयोगीं पडलें नाहीं, हा भाग निराळा.

पहिल्या व्हिडिओसाठीं एक वृद्ध कारागीर ठरले. वय सत्तरीच्या पुढें. मुलें त्यांस चाचा म्हणत, म्हणून आम्हीहि चाचाच म्हणूं लागलों. पावसाळ्याचे दिवस होते. डोक्यावर पत्रा, त्यावर पावसाची एकसारखी सर, आणि खालीं चाचा मांडीवर तंबोरा घेऊन बसलेले. शेजारीं त्यांचा बारा वर्षांचा नातू कानस पुसून देत होता.

बालमित्रांनो, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, दांडी तून नांवाच्या लाकडाची असते, हें तुम्हांस कोणीहि सांगेल. पण तंबोऱ्याचें सारें मर्म त्याच्या घोडींत आहे. तारा जिच्यावरून जातात ती ही घोडी दिसावयास सपाट, पण खरोखर तिच्या पाठीस किंचित् उतार असतो. तार त्या उतारास निसटती शिवत थरथरते, आणि त्या शिवण्यामुळें एकाच तारेंतून अनेक सूक्ष्म स्वर मधमाश्यांच्या गुंजारवासारखे बाहेर पडतात. हीच जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनाहि ह्या घोडीनें मोह घातला होता. १९२१ सालीं त्यांनीं हिंदी तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला, त्यांत पाश्चात्य शास्त्रज्ञांच्या नियमाप्रमाणें जे स्वर तारेंतून उमटूं नयेत ते ह्या घोडीमुळें उमटतात, असें दाखविलें आहे. चाचांस रामन ठाऊक नव्हते. ते घोडीवर कानशीचा एक हात मारीत, तार छेडीत आणि डोळे मिटून ऐकत. तारेखालीं सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढें सरकला तर तार बोलते, केसभर मागें गेला तर मुकी होते. एका घोडीस त्यांना सव्वा तास लागला. आमच्या व्हिडिओंत ती ४० सेकंदांत आटोपली.

मधून मधून चाचा बोलत होते. बोली दखनी, तींत मराठी शब्द बेमालूम मिसळलेले. "मेरेकू अब्बाने मारमारके सिकाया, पर कान किसीने दिया नै, कान अपना अपनेच लाना पडता," असें कांहींसें ते म्हणाले. शेवटीं हातांतील घोडी खालीं ठेवून ते म्हणाले, "मेरे पीछे ये काम कोई करनेवाला नै." मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें. व्हिडिओचा शेवट सांपडला होता!

आतां आमच्या पराक्रमाकडे वळूं. जुळणीचें काम मंडळांतील एका मुलाची बहीण घरीं बसून संगणकावर करीत असे. कॅमेऱ्यासमोर येण्यास ती राजी नव्हती. परंतु सर्वांत चांगला कान आणि सर्वांत अधिक धीर तिच्याच ठायीं होता, हें आम्हांस उशिरां कळलें. मुलांना चाचांच्या बोलीची लाज वाटत होती. लोक हंसतील, अडाणी म्हणतील! तेव्हां चाचांचें बोलणें खालीं दाबून वर शुद्ध उर्दूंत निवेदन घालावें असें ठरलें, आणि आम्हीं गुरूंनीं मान हालविली. शिवाय पत्र्यावरचा पाऊस सारखा सळसळत होता, तोहि आम्हांस खुपूं लागला. आवाजांतील गोंगाट धुऊन काढणारी एक युक्ति हल्लीं संगणकावर मिळते. तिची रीत साधारणपणें अशी: जो आवाज अखंड आणि एकसारखा चालतो तो गोंगाट, व जो वरखालीं होतो तें माणसाचें बोलणें. पंखा, पाऊस, मोटारीची घरघर तिच्यापुढें टिकत नाहींत. वाचकहो, अखंड आणि एकसारखा स्वर धरणें हेंच ज्याचें जन्माचें कार्य, त्या तंबोऱ्याची गत काय झाली असेल तें तुम्हींच ताडा. आम्हांस मात्र तें त्या रात्रीं उमगलें नाहीं. त्या मुलीनें लिहून पाठविलें होतें, "दादा, तंबोऱ्याचा आवाज पातळ झाला आहे." आम्हीं उत्तर धाडलें, "मोठ्या कर्ण्यावर ठीक लागेल." लग्नसराईंत सांगावयाची ही आमची नेहमींची थाप.

प्रयोग एका अंगणांत पांढरी चादर बांधून झाला. शंभरएक माणसें जमलीं, बायका गच्चीवर. चाचा पुढच्या रांगेंत खुर्चीवर, नातू पायांशीं. पडद्यावर चाचांचे ओठ हालूं लागले आणि भलत्याच तरुणाचा घोळदार आवाज निघाला. चाचांनीं एकवार मागें वळून पाहिलें, जणूं तो बोलणारा मागें कोठें उभा आहे. मग तारा छेडल्या गेल्या. बोटें फिरत होतीं, तार थरथरत होती, आणि ऐकूं येत होती ती नुसती टकटक. चाचा उठले.

"तार हिलती दिसती, बोलती नै," ते हळूच म्हणाले. "मेरी जवारी खुल्ली थी उस दिन." आणि नातवाचा हात धरून ते घरीं गेले. लोकांनीं शेवटीं टाळ्या वाजविल्या. आम्हीं मुलांना सांगितलें कीं कर्णा बिघडला होता. हें खोटें होतें, आणि तें गच्चीवर बसलेल्या एका मुलीस ठाऊक होतें, हें आठवून आजहि कानाच्या पाळ्या गरम होतात.

दुसऱ्या दिवशीं आम्ही चाचांकडे गेलों. ते काम करीत होते. अर्धा तास त्यांनीं मान वर केली नाहीं. मग म्हणाले, "चाय पिव." आम्हीं कर्ण्याची गोष्ट सोडून झालें तें सर्व सांगितलें. मूळ चित्रण नष्ट झालें असतें तर आमच्या कबुलीचा उपयोग तो काय? पण त्या मुलीनें कोणी न सांगतां तें जसेंच्या तसें जपून ठेविलें होतें, पावसासकट.

कॅनडांतील फोगो नांवाच्या बेटावर १९६७ सालीं कोळी लोकांचीं चित्रणें झालीं, त्यांविषयीं आम्हीं त्या सुमारास वाचलें. ज्यांचें चित्र घेतलें त्यांना तें आधीं दाखवीत, आणि जें नको म्हणतील तें गाळीत. वीस वर्षें आम्ही लोकांचे चेहरे विकत आलों, पण ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत कधीं आली नव्हती. तेव्हां आतां नवी जुळणी करून आम्हीं ती प्रथम चाचांस, त्यांच्याच कारखान्यांत, दाखविली. स्वतःचें बोलणें ऐकून ते लाजले, पण काढा म्हणाले नाहींत. तंबोरा लागला तेव्हां डोळे मिटले. शेवटचें वाक्य मात्र त्यांनीं काढावयास सांगितलें. माझ्यामागें हें काम कोणी करणार नाहीं, तेंच.

मुलें हिरमुसलीं. त्या वाक्यावर सारा डोलारा उभा! एकानें तर वाद घातला कीं तें खरें आहे, आणि खरें कां गाळावें? चाचांनीं कोपऱ्याकडे हनुवटी केली. तेथें नातू एका मोडक्या घोडीवर कानस घाशीत बसला होता. "दो महिने से बैठ रा," ते म्हणाले. "उसके सामने मेरेकू वो सुनाना नै." चित्रण झालें त्या दिवशीं हें पोर नुसती कानस पुसत होतें, आणि तें वाक्य त्याच्या देखतच बोललें गेलें होतें. चाचांस त्याचें किती लागलें असेल, तें त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्हीं तें वाक्य काढलें. व्हिडिओस आतां म्हणण्यासारखा शेवट उरला नाहीं. घोडी खालीं ठेवल्यावर तो आपला थांबतो.

दुसरा प्रयोग त्याच अंगणांत, त्याच चादरीवर, दिवाळीच्या सुटींत झाला. चाचा ह्या खेपेस मागच्या भिंतीला टेकून बसले. पडद्यावर पत्र्यावरचा पाऊस सुरू झाला तसें पुढें बसलेल्या एका लहान पोरानें दचकून वर पाहिलें. आकाश चांदण्यांनीं भरलेलें होतें. चाचांच्या दखनीला दोनदां हंशा पिकला, तो त्यांच्याच विनोदांना. मग तंबोरा बोलूं लागला आणि अंगण गप्प झालें. आम्हीं हळूच मागें सरकून चाचांजवळ बसलों. आतां ते संतोषाचा एखादा शब्द बोलतील, अशी आमची खोल आशा होती. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग आमच्याकडे झुकून म्हणाले, "पहली तार जरा उतर गई थी. बारिश का दिन था ना."