प्रिंट निघाली कुठं?

सेवा केंद्रात कामाला लागले तेव्हा प्रिंट काढणं म्हणजे कंट्रोल आणि पी, एवढंच मला येत होतं. एमएस-सीआयटीत तेवढं शिकवलं होतं आणि झेरॉक्सच्या दुकानात तेवढ्यावर भागतंही. एक कॉम्प्युटर, एक वायर, एक प्रिंटर. घनसावंगीच्या आमच्या केंद्राचा थाट निराळा. पुढं फॉर्म भरायचे काउंटर, मागं कॉम्प्युटर क्लास, मधे सरांची काचेची केबिन, आणि या सगळ्यांचं काम एकाच मोठ्या मशीनवर चालतं. त्या मशीनवर उबुंटू. टेबलांवरचे बाकीचे जुने कॉम्प्युटर दिसायला धडधाकट, पण त्यांच्यात स्वतःचं असं काही चालत नाही. ते फक्त मोठ्या मशीनचा पडदा दाखवतात. ज्याचं त्याचं युजरनेम, ज्याचा त्याचा पासवर्ड. जुनी मशीनं मोडीत घालावी लागली नाहीत, पैसे वाचले, म्हणून सर खूश.

मग सरांनी नेटवर्कवर चालणारे दोन लेझर प्रिंटर आणले. जोडून देणारा टेक्निशियन जालन्याहून आला, घाईघाईत काहीतरी करून गेला आणि नंतर फोन उचलेना. सर म्हणाले, "ताई, तुम्ही बघा जरा. तुमचं शिक्षण झालंय." माझं शिक्षण बीए, विषय इतिहास.

जून महिना होता. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, दाखल्यांची नुसती झुंबड. तीर्थपुरीकडच्या एका काकांचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरला, काउंटरवरून प्रिंट दिली. काउंटरवरचा प्रिंटर ढिम्म. काका म्हणाले, "कामून निघंना?" तेवढ्यात मागच्या क्लासमधून एक पोरगं कागद नाचवत आलं. "ताई, हे कोणाचं आहे? आधार नंबर बी आहे यावर."

मला आधी वाटलं वायर उलटसुलट झाली. वायरी तपासल्या, ठीक होत्या. पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या मावसभावाला रात्री फोन केला. त्याने विचारलं, "तू कुठल्या टेबलावर बसली होतीस हे त्या मशीनला कसं कळणार?" मी म्हटलं, समोरच तर बसले होते. तो हसत सुटला. मग त्याने जे सांगितलं ते डोक्यात शिरायला मला बराच वेळ लागला. या व्यवस्थेत मशीनला खुर्ची दिसत नाही, युजर दिसतो. मी काउंटरवर बसो की क्लासमध्ये, मशीनच्या लेखी मी एकच. 'माझ्या शेजारचा प्रिंटर' ही गोष्ट त्याला ठाऊकच नाही. सगळ्यांसाठी मिळून एक डीफॉल्ट प्रिंटर ठरलेला असतो, आणि कोणी वेगळं सांगितलं नसेल तर प्रत्येकाची प्रिंट तिथंच जाते. आमच्याकडे तो क्लासचा होता. टेक्निशियनने तो आधी जोडला असणार.

यावर उपाय आहे. प्रत्येक युजरला आपापला डीफॉल्ट ठरवता येतो. 'एलपीऑप्शन्स' नावाची कमांड, पुढं वजा डी आणि प्रिंटरचं नाव. ही नोंद त्या युजरच्या फोल्डरमध्ये राहते आणि सामायिक डीफॉल्टपेक्षा वरचढ ठरते. पण एवढ्याने भागत नाही. ब्राउझर आपल्या मनाने गेल्या वेळचा प्रिंटर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच समोर धरतो. शेवटी आम्ही माणसांच्या नावांबरोबर टेबलांची नावंही युजर म्हणून केली. काउंटरवर जो बसेल त्याने काउंटरच्या नावाने आत जायचं. आपलं नाव सोडून टेबलाचं नाव घ्यायला लोक तयार होईनात. सोबतची मुलगी तर म्हणाली, मग मी केलेलं काम माझं आहे हे कसं कळणार? प्रश्न बरोबर होता, आणि पुढं तो अडचणीचाही ठरला.

छपाईचा हा सगळा कारभार बघणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव कप्स. मायकेल स्वीट यांनी तो लिहिला, १९९९ मध्ये बाहेर आला. २००७ मध्ये अॅपलने विकत घेतला, आणि आजही लिनक्सच्या मशीनवर बहुतेक ठिकाणी छपाई त्याच्याच हातात असते. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहून पुढं ६३१ हा पोर्ट दिला की त्याचं पान उघडतं. मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा प्रिंटर दोन आणि यादीत नावं चार. त्यातली दोन टेक्निशियनने हाताने घातलेली, दोन मशीनने नेटवर्कवर शोधून आपसूक आणलेली. नावं सगळी कंपनीच्या मॉडेल नंबरची, एकाला दुसऱ्यापासून ओळखायची सोय नाही. मी नकोशी दोन काढली, ती थोड्या वेळाने परत आली. शोधणारी सेवा वेगळी आहे, ती बंद करेपर्यंत नावं येतच राहणार, हे भावाने सांगितलं. तो असंही म्हणाला की सप्टेंबर २०२४ मध्ये नेमक्या याच सेवेत मोठी भगदाडं सापडली होती, त्यामुळे गरज नसेल तर बंदच ठेव. ठेवली. प्रिंटरला 'काउंटर' आणि 'क्लास' अशी नावं दिली. ही नावं इंग्रजी लिपीत दिली, आणि मधे जागा सोडायची नाही, ती चालत नाही. त्याखाली वर्णनाचा आणि ठिकाणाचा रकाना असतो, तिथं मराठीत 'खिडकीजवळचा' असं लिहिलं. प्रिंट देताना लोक तेच वाचतात.

मग पानांचा पूर आला. क्लासमधल्या एका पोराने आपला बायोडाटा छापायला दिला आणि घरी निघून गेला. प्रिंटरमधून एकामागोमाग एक कागद यायला लागले. पहिल्या पानाच्या माथ्यावर टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस ही अक्षरं, त्याखाली कंस, आकडे, तुटक इंग्रजी शब्द. पुढच्या पानांवर तेच. कुठं चारच ओळी, कुठं पान भरून. बायोडाट्याचा पत्ता नाही. कोणीतरी धावत जाऊन प्रिंटर बंद केला. चालू केला, तर पुन्हा पहिल्यापासून तेच.

इथं मला दोन गोष्टी कळल्या. पहिली भाषेची. प्रिंटरला पान समजावून सांगायच्या भाषा असतात. अॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट, एचपीची पीसीएल, आणि स्वस्तातल्या कित्येक प्रिंटरांची फक्त त्यांच्या ड्रायव्हरलाच येणारी आपली आपली. त्या रांगेला लावून ठेवलेला ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्टचा होता आणि प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत नव्हती. मग तो बिचारा 'इथं रेघ ओढ, तिथं अक्षर काढ' हे हुकूमच साधा मजकूर समजून छापत सुटला. दुसरी गोष्ट रांगेची. छापायचं काम प्रिंटरमध्ये नसतं, मोठ्या मशीनवरच्या रांगेत असतं. प्रिंटर बंद करणं म्हणजे नुसतं दार लावणं. दार उघडलं की रांगेतला पहिला पुन्हा आत. काम रद्द करायचं ते मशीनवरून. मी करायला गेले तर परवानगी नाही. एकाचं काम दुसऱ्याला रद्द करता येत नाही. ते काम ज्याचं त्याने करावं, नाहीतर ज्याला छपाईचा कारभार दिलाय त्याने. ज्याचं होतं तो पोरगा तोवर कुंभार पिंपळगावच्या काळीपिवळीत बसला होता. सरांचा पासवर्ड मागून काम रद्द केलं आणि त्याच दिवशी 'एलपीअॅडमिन' गटात माझं नाव घालून घेतलं. हा नियम मला तेव्हा जाचक वाटला. आता वाटत नाही. परवानगी सरसकट दिली असती तर क्लासच्या पोरांनी एकमेकांची कामं दिवसभर उडवली असती.

ड्रायव्हर बदलल्यावर छपाई सुरळीत झाली, आणि लाईट गेली.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहेत. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावत नाहीत, कारण कागदावर टोनर पक्का बसवायला आतला रोलर तापवावा लागतो आणि तो तापताना वीज भसकन ओढतो. राउटरही साध्या बोर्डावरच होता, त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. लाईट आली. प्रिंटर हिरवा दिवा लावून तयार. प्रिंट दिली तर काही नाही. कप्सच्या पानावर रांग थांबलेली. बटण दाबून प्रिंटरकडून त्याच्याच सेटिंगचा कागद काढला (हा कागद निघतो हेही मला नवीन). आयपी पत्त्याच्या जागी १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा. आमचे बाकीचे पत्ते १९२.१६८ चे.

झालं होतं असं, की प्रिंटर राउटरच्या आधी उठला. पत्ता वाटायचं काम राउटरचं, आणि तो अजून सुरू होत होता. कोणी पत्ता देईना तेव्हा प्रिंटरने स्वतःच एक घेतला. अशा वेळी १६९.२५४ मधलाच घ्यायचा असा ठरलेला रिवाज आहे. थोड्या वेळाने राउटरने त्याला खरा पत्ता दिला, पण तो आधीचा नव्हता. रांग मात्र जुन्याच पत्त्यावर कामं पाठवत बसलेली. भाड्याची खोली बदललेल्या पोराला बाप जुन्याच पत्त्यावर मनीऑर्डर करत राहतो, तसला प्रकार. तोवर 'प्रिंटर खराब निघाला' म्हणून सरांनी दुकानदाराला फोन लावलेला होता.

मग प्रिंटरच्या कागदावरचा तो बारा अक्षरांचा मॅक अॅड्रेस बघून राउटरच्या पानावर त्याच्यापुढं एक पत्ता कायमचा राखून ठेवला. दोन्ही प्रिंटरांचे पत्ते स्केचपेनने पट्टीवर लिहून प्रिंटरांवरच चिकटवले. राउटर इन्व्हर्टरवर घेतला. थांबलेली रांग मात्र आपोआप सुरू झाली नाही, ती 'कप्सएनेबल' म्हणून हाताने सुरू करावी लागली. केली, आणि लाईट नसतानाच्या वेळात लोकांनी पुन्हा पुन्हा दाबून ठेवलेल्या सगळ्या प्रिंटा एकदम बाहेर पडल्या. एकाच माणसाच्या अर्जाच्या कितीतरी प्रती.

भावाने याच सुमारास एक किस्सा सांगितला. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने दिलेला लेझर प्रिंटर होता, पुष्कळ जणांत मिळून एक. कागद अडकायचा आणि आपापल्या खोलीत बसलेल्यांना पत्ता नसायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम बदलून अशी सोय केली होती की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड कंपनीने दिला नाही आणि ज्याच्याकडे तो होता त्याने कराराचं कारण सांगून नकार दिला. स्टॉलमन ही गोष्ट पुढं वर्षानुवर्षं सांगत राहिले. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि आमच्या मशीनवरच्या उबुंटूत त्या प्रकल्पाचा मोठा हिस्सा आहे. मला यातला कागदाचा भाग पटकन कळला. क्लासमधला प्रिंटर अडकला की काउंटरवरचा माणूस आजही आधी माऊसवर राग काढतो.

जुलैत पीक विम्याची गर्दी सुरू झाली तेव्हा सरांनी विचारलं, कोण किती कागद संपवतंय ते कळेल का? कळतं. कप्स पानांची वही ठेवतो, युजरचं नाव, प्रिंटर, वेळ, पानं. आमच्या मशीनवर ती कोरी होती, कारण काय लिहायचं तो नमुना सेटिंगमध्ये भरलेला नव्हता. भरला. दोन आठवड्यांची वही काढून सरांना दाखवली, तर निम्म्याहून जास्त पानं 'काउंटर' या नावावर. तिथं कोण बसलं होतं ते वहीला माहीत नाही. सोबतची मुलगी माझ्याकडे बघून काही बोलली नाही. आता काउंटरवर एक साधी वही ठेवली आहे. बसणाऱ्याने वेळ टाकून सही करायची.