शेवटची ध्वनिमुद्रिका

आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा एक आवडता प्रश्न आहे : 'अमुक कवीच्या अखेरच्या काव्यसंग्रहातील निरोपाचा सूर स्पष्ट करा.' विद्यार्थी तो स्पष्ट करतातच! संग्रह अखेरचा आहे एवढे एकदा सांगितले, की साध्या पावसाच्या कवितेतही त्यांना मृत्यूची चाहूल लागते.

गाणाऱ्यांच्या बाबतीतही हेच. 'बीटल्स' या जगप्रसिद्ध चौकडीची 'लेट इट बी' ही शेवटची ध्वनिमुद्रिका मे १९७० मध्ये निघाली आणि रसिकांना तिच्यात ताटातूट ऐकू आली. गंमत अशी, की तिचे बरेचसे काम जानेवारी १९६९ मध्येच झाले होते. 'ॲबी रोड'चे बहुतेक मुद्रण त्यानंतरचे; पण ती बाजारात आली सप्टेंबर १९६९ मध्ये, म्हणजे आधी! आता शेवटची कोणती म्हणायची?

मुंबईच्या 'इंडस क्रीड'ची कथा याहूनही न्यारी. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' या नावाने ही तरुण मंडळी एकत्र आली. हिंदी चित्रपटगीतांच्या राज्यात स्वतः रचलेली इंग्रजी गाणी गायची, म्हणजे वेडेपणाच! १९८८ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, १९९३ मध्ये नाव बदलले, १९९५ मध्ये नव्या नावाचीच ध्वनिमुद्रिका आली आणि १९९७ मध्ये मेळा मोडला.

१९९५ ची ती कॅसेट आमच्या घरी दादाने आणली. मी तेव्हा शाळकरी. शब्द कळत नसत. उदय बेनेगल गात असे, आणि महेश तिनईकरची गिटार ऐकत दादा आपल्या गिटारीवर बोटे सोलवटून घेत असे. "पोरगा हातचा गेला," असे आईचे स्पष्ट मत होते. मेळा मोडला त्याच वर्षी वडील गेले. दादाने मिळेल ती नोकरी धरली आणि गिटार माळ्यावर चढली. तिकडे ती ध्वनिमुद्रिका शेवटची, इकडे दादाचे वाजवणे शेवटचे, असे आम्ही सर्वांनी मुकाट्याने ठरवून टाकले. दादाला कुणी विचारले नाही.

आणि २०१० मध्ये ती मंडळी पुन्हा जमली! २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आली. सतरा वर्षांनंतर आठ गाणी. बेनेगल, तिनईकर आणि झुबिन बालापोरिया जुने, दोघे नवे. मी दादाला फोनवर ही बातमी दिली. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ड्रमवर कोण आहे बे?"

पुढच्या रविवारी धरमपेठेत त्याच्याकडे गेलो, तो गिटार खाली उतरलेली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तीन दिवस झाले, यांचा चहा रोज गार होतोय."

आज दादा पन्नाशीत आहे. बोटांचे सांधे आखडू लागले आहेत. डॉक्टरांनी जपायला सांगितले आहे. तो वाजवायला बसला, की 'हे शेवटचे तर नव्हे?' असे मनात येऊन मी कान देऊन ऐकतो. मला प्रत्येक गाण्यात निरोपाचा सूर ऐकू येतो. दादाला ऐकू येते ती फक्त उतरलेली तार. ती बदलायला तो चपला घालून सीताबर्डीला निघतोसुद्धा.