कशेडीच्या वळणांवरचा आवाज

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर मागे पडले की कशेडी घाट लागतो. घाटाच्या अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. बोगदा झाल्यापासून बहुतेक गाड्या तिकडून निघून जातात आणि घाटाचा जुना रस्ता बराच मोकळा असतो. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही खेडहून त्या रस्त्याला मुद्दाम गेलो, ते एक आवाज ऐकायला.

आवाज अब्बांच्या प्रीमियर पद्मिनीचा. वेग चाळीसच्या पुढे गेला की मागून कुठून तरी ‘घूंऽऽ’ सुरू व्हायचे, साठला तर बोललेले ऐकू येत नसे. अब्बांना अलीकडे कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांच्या मते गाडी ठणठणीत होती! धाकट्या भावाचे म्हणणे, भंगारात द्या. गाडीला पंधरा वर्षे झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि ती तारीख तोंडावर आली होती. आवाजाचा निकाल लागल्याशिवाय त्यात पैसे घालायला कोणी तयार नव्हते.

ही गाडी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर कंपनी ती कुर्ल्याला बनवत असे. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चे. इंजिन १०८९ सीसी, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. एके काळी बुकिंग करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला थांबली.

एका गॅरेजवाल्याने गियरबॉक्स उघडायला सांगितला होता, दुसऱ्याने चारही टायर बदलायला. खर्च दोघांचाही मोठा. शेवटी भरणे नाक्याजवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी चारही चाके हलवून पाहिली, ढिली नव्हती. मग म्हणाले, “चला बेटा, फिरवून आणू.”

सपाट महामार्गावर पन्नासला त्यांनी गियर काढायला लावला. इंजिन मंदावले, आवाज तसाच राहिला. म्हणजे इंजिन सुटले. (हा प्रयोग घाटात कधीही करू नये. उतारावर गियर नसला की सगळा भार ब्रेकवर येतो.) मग काँक्रीटवरून जुन्या डांबरी रस्त्यावर आलो. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, हा बदलला नाही. टायरही सुटले.

राहिली चाकांची बेअरिंगे. त्यासाठी घाट. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकांवर जातो, डावीकडे वळली की उजव्या. कशेडीत वळणांना तोटा नाही. मुलीने मागे बसून वहीत दोन रकाने आखले आणि प्रत्येक वळणाला ‘मोठा’ की ‘लहान’ ते लिहीत गेली. गाडी चाळीसच्या आसपास, खिडक्या उघड्या, करवंदाच्या जाळ्या अगदी हाताशी. अम्मींना त्या आवाजापेक्षा करवंदांची जास्त काळजी होती, तेव्हा एका ठिकाणी थांबावेच लागले. वर पोहोचेपर्यंत उजव्या वळणांचा रकाना ‘मोठा’ने भरला होता. दोष डाव्या बाजूला होता.

परत येताना बोगदा घेतला. भिंतीवरून उलटून येणारा आवाज डाव्या मागच्या खिडकीत सर्वांत स्पष्ट होता. चाचा नुसते हसले.

गॅरेजमध्ये जॅकवर उचलून खाली घोडी लावली. चाचांनी मागचे डावे चाक हाताने फिरवले आणि आमचा तळवा पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवला. बारीक खरखर हाताला लागत होती. चाक निखळायची वाट पाहायची नसते, एवढेच ते बोलले. एक्सल बाहेर काढला, बेअरिंगवरचा नंबर टिपून घेतला. अशा गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत म्हणतात, पण बेअरिंग नंबरवर मिळते. चिपळूणच्या दुकानातून दुसऱ्या दिवशी आले. बेअरिंग आणि ऑइल सील बसवायला अर्धा दिवस गेला. गियरबॉक्स उघडण्याच्या मानाने खर्च किरकोळ.

जुने बेअरिंग अब्बांच्या हातात दिले. त्यांनी आत बोट घालून ते फिरवले, थांबले, पुन्हा फिरवले.

“हे कधीपासून होतं?” त्यांनी विचारले.

भाऊ काही बोलला नाही. संध्याकाळी नोंदणीचे कागद त्यानेच काढून टेबलावर ठेवले.